रुग्णशय्येजवळील हृदयदर्शन : अतिदक्षता विभागातील डॉक्टरांचे शिक्षण

एकसारखी लक्षणे, परस्परविरुद्ध उपचार

हातपाय थंडगार, नाडी क्षीण व जलद, रक्तदाब उतरलेला आणि लघवी जवळजवळ थांबलेली, अशा अवस्थेत रुग्ण आणला गेला म्हणजे वैद्यकशास्त्र त्या अवस्थेस ‘शॉक’ असे नाव देते. हे नाव रोगाचे नव्हे. शरीरातील पेशींना पुरेसे रक्त पोहोचत नाही, एवढेच त्यावरून समजते. ते का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न होय. जुलाब-वांत्यांनी अंगातील पाणी निघून गेलेल्या बालकाचे हातपाय थंड पडतात. विंचवाच्या विषाने हृदयाचा स्नायू दुर्बल झालेल्या बालकाचेही हातपाय तसेच थंड पडतात. पहिल्याला शिरेवाटे त्वरेने सलाईन दिले तर तो वाचतो. दुसऱ्याला तेच सलाईन त्याच वेगाने दिले तर दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही. फुप्फुसांत पाणी साचते आणि श्वास कोंडून तो दगावू शकतो.

हा केवळ कल्पनेतील दाखला नव्हे. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर अतिरिक्त भार पडतो व शेवटी फुप्फुसांत पाणी भरते, ही साखळी ध्यानी घेऊन त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वापरले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आडगावच्या आरोग्यकेंद्रात हृदयाचे चित्र दाखविणारे यंत्र त्या काळी नव्हते. डोळे, बोटे, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या उशाशी बसून राहण्याची चिकाटी हीच साधने होती.

आज छाती न उघडता धडधडणारे हृदय पडद्यावर पाहता येते. श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने केलेल्या या तपासणीस इकोकार्डिओग्राफी किंवा बोलीभाषेत ‘इको’ म्हणतात. ही तपासणी सामान्यतः हृदयरोगतज्ज्ञ दिवसा व स्वतंत्र दालनात करतात. परंतु शॉकमधील रुग्णाला त्या दालनापर्यंत हलविणे बहुधा धोक्याचे असते, आणि प्रश्न उद्भवतो तो अनेकदा मध्यरात्री. त्या वेळी रुग्णाजवळ असतो तो अतिदक्षता विभागातील डॉक्टर. म्हणून त्यानेच हृदय पाहावयास शिकावे, हा विचार पुढे आला. त्याने किती शिकावे, कसे शिकावे आणि कोठे थांबावे, याचे विवेचन येथे केले आहे.

जबलपूरची परिस्थिती

हा प्रश्न समजून घेण्यास जबलपूर हे शहर उपयोगी पडते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. त्या वेळी जबलपूर व विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. आज हे महाविद्यालय नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. सभोवती मंडला, दिंडोरी, शिवनी, बालाघाट, नरसिंहपूर हे जिल्हे आहेत. त्यांतील बराच मुलूख डोंगराळ व वनाच्छादित असून तेथे गोंड, बैगा आदी जमातींची वस्ती आहे. अशा भागातून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यात मौल्यवान तास निघून जातात. निदानासाठी आणखी विलंब करण्यास मग अवकाशच उरत नाही.

या प्रदेशात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही येथे विचार करावा लागतो. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. फुप्फुसांतील वाहिन्या तुंबल्या म्हणजे रुग्णाच्या छातीत कळा येतात, धाप लागते आणि फुप्फुसांकडे रक्त लोटणाऱ्या हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो. आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून जबलपूर येथेच कार्य करीत असून सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक विषय आहे. या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. अशा रुग्णाच्या हृदयाची उजवी बाजू ताणली गेली आहे की काय, हे शय्येजवळच कळले तर उपचारांची दिशा लवकर ठरते.

प्रतिध्वनीचे तत्त्व

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. अशा कड्यापासून काही अंतरावर उभे राहून कोणी मोठ्याने हाक दिली आणि अर्ध्या सेकंदाने ती परत ऐकू आली, तर कडा सुमारे ८५ मीटर दूर आहे असे गणित करता येते. कारण हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो आणि हाकेला जाण्यायेण्याचे दुहेरी अंतर कापावे लागते. इको यंत्राचे कार्य याच गणितावर चालते.

मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. प्रौढाचे हृदय पाहण्यासाठी सेकंदास सुमारे २० ते ५० लक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५४० मीटर असतो. छातीच्या पृष्ठभागापासून १५ सेंटिमीटर खोल असलेल्या हृदयाच्या मागील भिंतीवरून प्रतिध्वनी परत येण्यास त्यामुळे सेकंदाचा सुमारे पाचहजारावा भाग पुरतो. कंपनांची संख्या ३० लक्ष असेल तर एका लहरीची लांबी अर्धा मिलिमीटर भरते. म्हणूनच झडपांसारख्या पातळ पडद्यांची हालचालही दिसू शकते.

ध्वनी निर्माण करणे व तो परत टिपणे ही दोन्ही कामे हातात धरावयाच्या ‘प्रोब’मधील विशिष्ट स्फटिक करतात. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, हा गुणधर्म जाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधला. याच्या उलट, अशा स्फटिकाला विद्युत्‌दाब दिला असता तो कंप पावतो. याच तत्त्वावर पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी पाण्याखालील पाणबुड्यांचा माग काढणारे उपकरण सिद्ध केले.

या ध्वनीला दोन मोठे अडथळे आहेत : हवा आणि हाड. हवेच्या सीमेवरून तो जवळजवळ सर्वच परावर्तित होतो. हाडात तो शोषला जातो. हृदय तर हवेने भरलेल्या फुप्फुसांच्या मध्ये व बरगड्यांच्या आड दडलेले. त्यामुळे बरगड्यांमधील अरुंद फटी व छातीच्या मध्यास्थीखालील जागा एवढ्याच खिडक्या उरतात. प्रोब व त्वचा यांच्यामध्ये जेल लावण्याचे कारणही हेच. तेथील हवेचा पातळ थर त्यायोगे नाहीसा होतो.

पोलादाकडून हृदयाकडे

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेलमुट हेर्ट्झ हे भौतिकीविज्ञ यांनी या तंत्राचा पाया घातला. ओतीव व घडीव धातूंतील भेगा शोधण्यासाठी माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यात श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र वापरीत असत. हेर्ट्झ यांनी ते पाहिले, आणि तशाच यंत्राच्या साह्याने २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या दोघांनी हृदयाच्या हालचालीची नोंद मिळविली. पोलादातील चीर शोधण्याची युक्ती अशा रीतीने हृदयाच्या भिंतींकडे वळविली गेली. भारतीय रेल्वेतही रुळांतील अदृश्य चिरा याच तत्त्वाने शोधल्या जातात. पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालय असलेल्या जबलपूरच्या वाचकांना हे साम्य सहज उमगावे.

पुढे हालते चित्र दाखविणारी यंत्रे आली, यंत्रांचा आकार घटला व ती चाकांच्या गाड्यावरून रुग्णाजवळ नेता येऊ लागली. डेन्मार्कमधील आर्हुस येथे एरिक स्लोथ यांनी १९८९ मध्ये अतिदक्षता विभागातील डॉक्टरांसाठी मोजक्या दृश्यांची ठराविक क्रमाची तपासणी आखली. हृदयाविषयी सर्व काही सांगावे हा तिचा हेतू नव्हता. तातडीच्या थोड्या प्रश्नांची उत्तरे मिळावीत, एवढाच होता. आजच्या प्रशिक्षणाचे मूळ या मर्यादित हेतूतच आहे.

चार प्रश्न

हृदयरोगतज्ज्ञाची तपासणी विस्तृत असते. झडपांची मोजमापे, रक्तप्रवाहाचे वेग, जन्मजात दोष असे सर्व काही तीत येते. शय्येजवळच्या डॉक्टरापुढे मात्र प्रारंभी चारच प्रश्न असतात.

पहिला : डावे निलय, म्हणजे सर्व शरीराकडे रक्त लोटणारा हृदयाचा मुख्य कप्पा, नीट आकुंचन पावत आहे काय? निरोगी डावे निलय प्रत्येक ठोक्याला त्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकते. भिंती जेमतेम हलत असतील तर दोष पंपातच आहे.

दुसरा : उजवे निलय फुगले आहे काय? ते सामान्यतः डाव्याच्या दोन-तृतीयांशाहून लहान दिसते. ते डाव्याएवढे किंवा त्याहून मोठे दिसल्यास फुप्फुसांकडील वाटेत अडथळा असण्याचा संभव असतो. पायातील रक्ताची गुठळी तेथे जाऊन अडकणे हे त्याचे एक कारण होय.

तिसरा : हृदयावरणात द्रव साचला आहे काय? बाहेरून आवळले गेलेले हृदय सुदृढ असूनही भरू शकत नाही. अशा वेळी सुईने द्रव काढणे हाच प्राणरक्षक उपाय असतो.

चौथा : हृदय पुरेसे भरत आहे काय? डावे निलय लहान असून आकुंचनाच्या वेळी त्याच्या भिंती एकमेकींना भिडत असतील आणि पोटातून हृदयाकडे येणारी मोठी नीला चपटी पडत असेल, तर शरीरात द्रवाची उणीव असावी, असे अनुमान निघते.

या चार उत्तरांनी प्रत्येक रोगाचे निदान होत नाही; पण प्रारंभीच्या दोन बालकांतील भेद त्यांनी कळतो. एकाचे हृदय रिकामे आणि जोमदार, दुसऱ्याचे भरलेले आणि शिथिल.

शिक्षणाचा क्रम

अनेक देशांतील तज्ज्ञांच्या परिषदेचे मत २०११ साली प्रसिद्ध झाले. तीनुसार प्राथमिक पातळीसाठी किमान १० तासांचे सैद्धांतिक शिक्षण व मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या सुमारे ३० तपासण्या हे वाजवी उद्दिष्ट होय. भारतात १९९३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेमुळे अतिदक्षतेच्या शास्त्राला संघटित रूप आले आणि शय्येजवळची श्राव्यातीत तपासणी हा त्या शिक्षणाचा भाग झाला.

शिक्षणाचा प्रारंभ निरोगी व्यक्तीवर होतो. विद्यार्थी प्रथम यंत्राच्या कळा ओळखतो : खोली किती ठेवावी, प्रतिध्वनी किती उजळ करावा. मग हाताचे शिक्षण येते. प्रोब लेखणीप्रमाणे धरून करंगळी रुग्णाच्या छातीवर टेकवावी, म्हणजे हात स्थिर राहतो. प्रोब सरकविणे, कलविणे व जागच्या जागी फिरविणे या तीन हालचाली एका वेळी एकच करावयाच्या. नवशिका तिन्ही एकदम करतो आणि हाती आलेले चित्र गमावतो.

त्यानंतर पाच दृश्ये शिकविली जातात. छातीच्या मध्यास्थीच्या डाव्या कडेला प्रोब ठेवून हृदयाचा उभा छेद व आडवा छेद. हृदयाच्या टोकाशी ठेवून चारही कप्पे. मध्यास्थीच्या खालून पुन्हा चार कप्पे. आणि तेथूनच प्रोब फिरवून मोठी नीला. आडव्या छेदात निरोगी डावे निलय वाटोळे दिसते. उजव्या बाजूचा दाब फार वाढला तर मधली भिंत सपाट होऊन त्या वर्तुळाला इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार येतो, ही खूण विद्यार्थ्याच्या ध्यानात लवकर राहते.

निरोगी व्यक्तीकडून रुग्णाकडे वळताच अडचण वाढते. निरोगी मनुष्य डाव्या कुशीवर वळतो व हृदय छातीच्या भिंतीजवळ येते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण उताणा असतो, त्याला वळविणे कठीण जाते. यंत्राने फुगविलेली फुप्फुसे हृदयावर पसरतात. छातीवर मलमपट्ट्या व विद्युत्‌तारा असतात. अशा वेळी मध्यास्थीखालील खिडकीच बहुधा कामी येते. म्हणूनच ३० तपासण्यांपैकी पुष्कळशा प्रत्यक्ष अत्यवस्थ रुग्णांवर झाल्या पाहिजेत. निरोगी मित्रांवरील सरावाने मिळालेला आत्मविश्वास अतिदक्षता विभागात टिकत नाही.

प्रत्येक तपासणीची चलत्‌चित्रे साठवून ठेवावी, विद्यार्थ्याने आपला निष्कर्ष प्रथम लेखी नोंदवावा आणि मग मार्गदर्शकाने तीच चित्रे पाहून त्याची परीक्षा करावी, ही या शिक्षणाची गुरुकिल्ली होय. मोठ्या शहरातील मार्गदर्शकाला आज ही चित्रे दुरूनही पाहता येतात. परंतु प्रोब धरलेला हात योग्य दिशेस वळविण्यास जवळ उभ्या असलेल्या शिक्षकाची सर दुसऱ्या कशालाही येत नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रोब जंतुनाशकाने पुसणे हाही पहिल्याच दिवशी शिकवावयाचा धडा आहे. अन्यथा निदानाचे साधनच रोग पसरविण्याचे साधन बनेल.

चुका कोठे होतात

थोडे ज्ञान असलेल्या हाती आलेले स्पष्ट चित्र हे अस्पष्ट चित्रापेक्षाही अधिक फसवे ठरू शकते. हृदयाभोवतीची चरबी नवशिक्याला द्रव भासते. फुप्फुसाच्या आवरणातील पाणी हृदयावरणातील पाणी समजले जाते. येथे उभ्या छेदात हृदयामागे दिसणारी, खाली उतरणारी महारोहिणी मदतीला येते : हृदयावरणातील द्रव या महारोहिणीच्या पुढच्या बाजूस राहतो, तर फुप्फुसावरणातील द्रव तिच्या मागे पसरतो. हा भेद न जाणता सुई टोचली गेली, तर ती सरळ हृदयात शिरण्याचा धोका असतो.

मोठ्या नीलेच्या रुंदीवर सर्वस्वी विसंबणे हीही सामान्य चूक आहे. श्वसनयंत्राचा दाब, पोटातील दाब व हृदयाच्या उजव्या भागाची स्थिती या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून तिची साक्ष इतर साक्षींबरोबरच ग्राह्य मानावी.

आणखी एक चूक वेळेची. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचे काम चालू असता ते क्षणभर थांबवून इको करण्याचा मोह होतो. हा विराम दहा सेकंदांहून अधिक नसावा, असा नियम आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयात केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात इको केल्या गेलेल्या विरामांची सरासरी २१ सेकंद, तर इतर विरामांची १३ सेकंद आढळली. पाहण्याच्या नादात मेंदूचा रक्तपुरवठा अधिक काळ खंडित राहिला, असा याचा अर्थ होतो. यावर उपाय साधा आहे : विरामापूर्वीच प्रोब जागेवर ठेवावा, विरामात केवळ चित्र साठवावे, छाती दाबणे पुन्हा सुरू करावे, आणि अर्थ मग लावावा.

यंत्र आणि कायदा

भारतात या यंत्राला एक सामाजिक बाजूही आहे. जे यंत्र हृदय दाखविते त्याच जातीचे यंत्र गर्भाचे लिंगही दाखवू शकते, आणि त्याच्या दुरुपयोगाने मुलींचे जन्म रोखले गेले. याविरुद्ध राज्यपातळीवरील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला व २००३ साली तो अधिक कडक झाला. अशा यंत्राची नोंदणी आवश्यक असून फिरते यंत्र कोठेही नेऊन वापरण्यावर २०१२ पासून निर्बंध आहेत. रुग्णालयात ते नोंदणीकृत जागेतच, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरावे लागते. अतिदक्षता विभागाच्या प्रशिक्षणात या नियमांची व नोंदवह्यांची माहिती अवश्य द्यावी. नियमांमुळे काम वाढते हे खरे. परंतु ज्या अन्यायामुळे ते आले तो विसरून चालणार नाही.

सारांश

मध्य प्रदेशातील कोव्हिडचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूर येथेच आढळले. त्यानंतरच्या साथीने एक गोष्ट सर्वत्र स्पष्ट केली : संसर्गाच्या भयाने जेथे माणसांची ये-जा मोजकी ठेवावी लागते, तेथे शय्येजवळ असलेल्या डॉक्टरालाच पाहता आले पाहिजे. मात्र त्याने तज्ज्ञाची जागा घ्यावी, असा याचा अर्थ नव्हे. झडपेतील दोषाची शंका आली, उत्तर चिकित्सेशी जुळले नाही, किंवा चित्रच नीट मिळाले नाही, तर हृदयरोगतज्ज्ञाची पूर्ण तपासणी मागविणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. ‘नीट दिसत नाही’ हे शब्द निःसंकोचपणे नोंदविता येणे हे या शिक्षणाच्या यशाचे लक्षण होय.

या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ एकदा पाहण्यात नसून पुन्हा पाहण्यात आहे. थोडे सलाईन द्यावे आणि हृदय पाहावे. औषध बदलावे आणि पुन्हा पाहावे. उपचाराला हृदय काय उत्तर देते हे तासागणिक जाणून घेणे, रुग्णाजवळ सतत असणाऱ्यालाच शक्य आहे. महाडच्या परिसरात जे काम उशाशी बसलेल्या डॉक्टरच्या बोटांनी व कानांनी केले, त्याच कामास ध्वनीने एक नवा डोळा दिला आहे. डोळा नवा असला तरी जागरण जुनेच आहे. आणि ते करणाऱ्यास काय पाहावे, याबरोबरच किती पाहिले म्हणजे पुरे, हे शिकविणे हाच या सर्व प्रशिक्षणाचा हेतू आहे.